न चमकणारी गाडी

२१ सप्टेंबर, रवि.
सर्वपित्री. पत्र्यावर पान ठेवलं. कावळा आला, खीर सोडून वडा नेला आणि जाता जाता सुमितच्या गाडीच्या टपावर घाण करून गेला. वडीलच असणार. हयातीतसुद्धा जेवून वर नावं ठेवायचे.

सुमितच्या यादीतलं कलम आठ : पक्ष्याची घाण खरडायची नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, मग टिपून घ्यायचं. तसंच केलं. डाग शून्य. फोटो पाठवला. चेन्नईहून उत्तर : "एक नंबर, अण्णा."

पोरानं मला एक नंबर म्हटलेलं आठवत नाही. शकूला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गाडीला म्हनलंय त्यानं." असो. बायकोला नवऱ्याचं कौतुक सोसत नाही.

२४ सप्टेंबर, बुध.
वारा थर्मलच्या वीज केंद्राकडून. सकाळी गाडीवर राखेचा थर, बोटानं नाव लिहावं इतका. परळीत हे नवीन नाही. पण या गाडीवर बोट फिरवायचं नाही, फडकं तर नाहीच. राखेचा कण म्हणजे बारीक काच. हे मला यादीनं शिकवायची गरज नव्हती, राख विभागातच तीस वर्षं काढली. आधी नुसतं पाणी सोडायचं, राख आपली आपण वाहून जाते. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं विसळायची. फडकं ठेवायचं आणि ओढायचं. घासायचं नाही. शेवटी टिपायचं.

शेजारचे देशमुख फाटकातून, "अण्णा, रंग अर्धाच मारून दिला काय?"
त्यांना हसलो नाही. जुलैत सु. गाडी सोडायला आला तेव्हा मीही हेच बोललो होतो. गाडी जुनी, रंग नवा, पण रंग कसला? पाटीवरची खडूची भुकटी पुसल्यावर राहतो तसा करडा. म्हटलं, "पॉलिश करायचं ऱ्हायलं का रे?" त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मॅट आहे अण्णा. असाच असतो. न चमकणं हेच त्याचं काम."

मग यादी दिली. नऊ कलमं, स्वच्छ अक्षर. कपाटाच्या दारावर चिकटवलीय. त्याच्या पुण्यातल्या खोलीवर गाडी रस्त्यावर उभी राहते, म्हणून तीन महिने माझ्याकडे. मालकानं त्याला चेन्नईला काहीतरी शिकायला पाठवलंय. पुण्यात गाड्यांच्या रंगाच्या दुकानात नोकरीला आहे. पावत्या फाडत असेल, मी विचारलं नाही.

म्हणाला, "राख आहे तिथं, पण तुमची नजर राहील."
माझी नजर. सहा वर्षांनी.

२८ सप्टेंबर, रवि.
फोन. दिवाळीला येतोय, आणि आठ दिवस राहणार म्हणे. शकूनं दोनदा विचारलं, आठ का अठरा.
इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून हा दिवाळीला एकच रात्र येतो. बॅग दारातच ठेवतो, चेनसुद्धा पूर्ण उघडत नाही. वरच्या वर शर्ट काढतो, वरच्या वर घालतो. कपाटाचा एक कप्पा शकूनं त्याच्यासाठी रिकामा ठेवलाय, तो रिकामाच आहे.

तेव्हा घर सोडून जाताना चार पानी पत्र लिहून ठेवलं होतं, तांदळाच्या डब्याखाली. मी दोन ओळी वाचल्या. बाकीचं वाचलं नाही. शकूला म्हटलं, सांग त्याला, माझ्या दारात येऊ नको म्हणावं. तिनं सांगितलं. तरी तिच्यासाठी ती एक रात्र येतो. पत्र पुढं रद्दीत गेलं. त्यात काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही.

त्यानंतर त्यानं मला लिहून दिलेलं काही असेल तर ही यादी.

१ ऑक्टोबर, बुध.
खंडेनवमी. पान्हे, करवत, माझा जुना टॉर्च, शकूचं शिलाई मशीन, सगळं पाटावर मांडलं. स्कूटरला हार, चाकाखाली लिंबू. गाडीलाही हार.

कुंकवावरून वाद. शकू : "अवो, त्यानं लिवलंय ना, कुंकू बी लावू नका म्हनून."
लिहिलंय खरं. कलम सात. तेल, मेण, पॉलिश, काही लावायचं नाही. पुढं वेगळ्या पेनानं 'कुंकूसुद्धा', खाली दोन रेघा. पोरगं बापाला ओळखून आहे.
मी म्हटलं, "माझ्या दारातलं वाहन खंडेनवमीला बिनकुंकवाचं उभं ऱ्हानार न्हाई. सव्वा रुपयाचं कुंकू. पाण्यानं जाईल."
"तुमीच काढा मग."
"पूजेला बाईचा हात लागतो."

तिनं बॉनेटवर कोरडं कुंकू टेकवलं. वाऱ्यानं उडालं. म्हटलं, तेलात कालव. कालवलं. छान ठसठशीत स्वस्तिक उठलं, चार ठिपके. नारळ फोडला. देशमुखांनी फाटकातून हात जोडले. बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, गुरु.
दसरा. सोनं वाटून आलो आणि बॉनेट धुतलं. कुंकू गेलं, तांबूस डाग राहिला. शाम्पू लावला. राहिला. परत लावला. राहिला.
कलम नऊ असं : काही झालं तर स्वतः काही करू नका, मला फोन करा.
सणासुदीचं पोराला कशाला त्रास. राकेलनं कुठला डाग जात नाही?

सायंकाळी
तांबूस गेलं. राकेल फडक्यावर घेऊन, बोटावर गुंडाळून, रेघेरेघेनं घासलं. हुश्श केलं. मग ऊन तिरकं झालं आणि बॉनेटवर स्वस्तिक उभं राहिलं. कुंकवाचं नाही. चमकेचं. जिथं जिथं घासलं तिथं रंग गुळगुळीत होऊन चकाकतोय, बाकी बॉनेट करडंच.
समोरून दिसत नाही. बाजूनं बघितलं की सगळं दिसतं.
शकूला सांगितलं नाही. तिनं बघितलंय.

४ ऑक्टोबर, शनि.
रात्रभर डोक्यात हिशेब केला. स्वस्तिक चमकतंय म्हणून दिसतं. सगळंच बॉनेट चमकलं तर दिसणार नाही. साधं गणित. मोंढ्यातल्या दुकानातून पॉलिशची डबी आणली.
आता स्वस्तिक दिसतं ते दिसतंच. वर जनावराच्या अंगावर असतात तसे चट्टे. माझा उजवा हात जिथवर पोचला तिथवर.
डबी नालीत फेकली. नंतर जाऊन परत काढली, गावात कुणी बघू नये म्हणून. स्वतःच्या हातांचा इतका राग याआधी कधी आला नव्हता.

५ ऑक्टोबर, रवि.
सु.चा व्हिडिओ कॉल. "अण्णा, गाडी दाखवा."
डिकी दाखवली. डावी बाजू दाखवली. उजवी दाखवली. चाकं दाखवली, चाकं त्याला नको होती तरी.
"पुढून?"
"पुढं ऊन हाय. काय दिसत न्हाई."
"सावलीत उभी करा म्हटलं होतं ना?"
"आत्ताच आली उन्हात. म्हणजे ऊन आलं."
मागं शकू उभी. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ऊन आलं!" आणि भाजी निवडायला बसली. खोटं बोलायची सवय नाही असं नाही, थर्मलमध्ये कमी बोललो का. पण त्या फोटोखाली एक नंबर लिहिलं होतं त्यानं.

८ ऑक्टोबर, बुध.
आज जे केलं ते लिहायला हात वळत नाही. तरी लिहितो.

विचार असा : चमक म्हणजे गुळगुळीत. चमक घालवायची तर बारीक खरखरीत करायला पाहिजे. पॉलिश पेपर फार जाड. त्याहून बारीक काय? राख. राखेनं आयुष्यभर काय काय खाल्लं ते मी बघितलंय. लोखंडी पाईपची वळणं खाल्ली, पंपाची पाती खाल्ली. तीस वर्षांचं ज्ञान दुसऱ्या कशाला कामाला येणार?
गच्चीवरून ताटभर गोळा केली. चाळली. चहाच्या गाळणीनं परत चाळली. ओली करून बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत हलक्या हातानं फिरवली. चमक गेली!
शकूला हाक मारली. म्हटलं बघ, तीस वर्षं वाया गेली नाहीत.
ती चष्मा लावून वाकली. "ह्या केसासारक्या रेगा कशाच्या?"
गोल गोल. शेकड्यानं. पाण्यानं जात नाहीत. चहाची गाळणीही गेली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात, आणि फुफाटा तर आमच्या गावचाच. घरात तोंड लपवायला जागा नाही. दिवाळीला बारा दिवस.

११ ऑक्टोबर, शनि.
शेवटी गाडी घेऊन गफूरभाईंकडे. स्टेशनकडचे जुने डेंटिंग-पेंटिंगवाले. थर्मलच्या जीपा हेच रंगवायचे. वाटेत प्रत्येक माणूस बॉनेटकडेच बघतोय असं वाटलं.

गफूरभाई बराच वेळ गाडीभोवती फिरले. बॉनेट सोडून बाकीचं बघत होते. दारावर खाली वाकून एक डोळा मिटून बघितलं. म्हणाले, "अण्णा, हा रंग कंपनीचा न्हाई. हातानं मारलाय. फवाऱ्यानं. कुणी मारला?"
"काय माहिती. पोराच्या दुकानात कुणीतरी."
"लई साफ हात हाय. मॅटमधी चूक लपत न्हाई. चमकत्या रंगात काई बी खपतं, वरून पॉलिश मारून झाकता येतं. ह्याच्यात पैल्याच हाताला बराबर पडावं लागतं."
मग माझ्या राखेच्या रेघांवर बोट ठेवलं. "हे कुणी केलं?"
"मी."
"कावून?"
काय सांगू, का केलं ते.

पुन्हा रंगवून द्या म्हटलं, दिवाळीच्या आत. ते म्हणाले, "बॉनेट मी मारीन. पन हे दार आन ते बॉनेट शेजारी ऱ्हायले की आंधळ्याला कळंल दोन हात हायेत. ज्याचा हात त्यालाच बोलवा." कड बघायला त्यांनी बॉनेट वर केलं. आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही, बारीक ब्रशनं पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं :

सुमित. पहिली गाडी. सगळी माझ्या हातची.

अक्षर यादीतलंच.

गफूरभाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि बॉनेट हळू मिटलं. पैसे विचारले तर हात जोडले. घरी कसा आलो माहीत नाही. गाडी सावलीत लावली, तेवढं मात्र केलं.

१२ ऑक्टोबर, रवि.
पावत्या फाडतो म्हणे. हे मी लिहिलंय, वर, माझ्याच अक्षरात.
जुलैत त्यानं गाडी दारात आणली ती सोडायला नाही, दाखवायला. गेट उघडून बाजूला उभा राहिला होता, हात मागं बांधून. लहानपणी चित्र आणून द्यायचा आणि असाच उभा राहायचा. आणि मी म्हटलं, पॉलिश राहिलं का.
शकूला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मग बाहेर आली, बॉनेट उघडायला सांगितलं, वाचलं, आणि त्या अक्षरांवर हात ठेवून उभी राहिली. आतल्या बाजूबद्दल यादीत काही नाही, तिथं हात लावायला हरकत नसावी.

फोन हातात घेतला. तीनदा. तिसऱ्यांदा रिंग गेली, त्यानं उचलला, "बोला अण्णा." मी म्हटलं, जेवलास का. सकाळचे साडेदहा.

१४ ऑक्टोबर, मंगळ.
शकूशी वाजलं.
मी म्हटलं, तू सांग त्याला. तू आई आहेस, तुझ्यावर चिडणार नाही. कुंकू तर तूच लावलंस.
तिनं लाटणं खाली ठेवलं. "मी लावलं. सांगते, मी लावलं म्हनून. घाबरते का काय? पन मागच्या बारीला बी तुमी माज्याच तोंडानं सांगितलं. येऊ नको म्हनाव. माज्या लेकराला मी म्हनलं, येऊ नको. सा वर्सं ते माज्या तोंडात बसलंय. आता ह्ये न्हाई सांगनार मी. ह्ये तुमचं तुमी सांगा."
तीस वर्षांच्या संसारात एवढं लांब ती बोलली नव्हती. मी बाहेर येऊन बसलो. ती मागून चहा ठेवून गेली, साखर नव्हती त्यात. विसरली की मुद्दाम, विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुध.
सुटकेच्या वाटा लिहून काढल्या : १) माकडानं केलं. २) देशमुखांच्या नातवंडांनी केलं. ३) चोरीला गेली. ४) गाडीवर कव्हर घालून ठेवायचं आणि दिवाळी संपेपर्यंत काढायचं नाही.
चौथी बराच वेळ बरी वाटत होती. मग सगळ्यांवर काट मारली. एकसष्टाव्या वर्षी माकडाचं नाव पुढं करायचं म्हणजे झालं.

१६ ऑक्टोबर, गुरु.
सु.चा मेसेज : शनिवारी पोचतो. शकूनं कप्पा झटकून त्यात नवा कागद अंथरला.
मी मनातल्या मनात वाक्यं जुळवतोय. "हे बघ सुमित, झालं असं की" यातलं 'झालं असं की' काढायला पाहिजे. झालं नाही, केलं.
भीती वाटतेय. लिहूनच टाकतो. थर्मलमध्ये बॉयलरचा पाईप फुटल्याच्या रात्री खाली गेलो होतो तेव्हा एवढी वाटली नव्हती. तो ओरडला तर बरं. पण तो ओरडत नाही. तो बॅग उचलतो.

१७ ऑक्टोबर, शुक्र.
वसुबारस. उद्या येणार म्हणून सकाळी गाडी धुवायला काढली. राख बरीच होती. पाणी सोडलं, दोन बादल्या भरल्या, फडकं ठेवून ओढत होतो. फाटकाशी रिक्षा थांबली. सुमित. एक दिवस आधीच. म्हणाला नंतर, तिकीट मिळालं म्हणून.

मला बघत उभा राहिला. मी वाकलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर.
"दोन बादल्या घेतल्यात," तो म्हणाला.
"तू लिहिलंयस तसं."
हसला. सहा वर्षांत असा हसलेला... आणि चालत पुढं आला. ऊन तिरकंच होतं. वळून बॉनेटसमोर आला आणि थांबला.

जुळवलेली वाक्यं सगळी पळाली. जे निघालं ते असं : "तू लिहिलं होतंस लावू नका. मी आईला लावायला लावलं. तेलात. मग राकेल. मग पॉलिश. मग राख घासली. व्हिडिओत मुद्दाम पुढून दाखवली नाही. आईचा काही दोष न्हाई. तुझं ऐकलं न्हाई मी. मागच्यासारखंच."
"राख?"
"चाळून."
त्यानं बोटांच्या मागच्या बाजूनं बॉनेटला हात लावला, ताप बघतात तसा. स्वस्तिकाच्या एका रेघेवरून शेवटापर्यंत नेला. माझ्या रेघांवर थांबला. फडक्यातून पाणी माझ्या पायावर गळत होतं.
मग खालच्या आवाजात, "आत बघितलंत?"
"बघितलं. गफूरभाईंनी उघडलं तेव्हा. ते म्हणाले, लई साफ हात हाय." फडकं खांद्यावर टाकलं. "मला आधी कळायला पाहिजे होतं. ते पत्रसुद्धा वाचायला पाहिजे होतं."
पत्राचं नाव काढल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा. शकू दारात आली, तो आत गेला, तिच्या पाया पडला. ती त्याला धरून रडली. मी नळ बंद केला.

दुपारी
जेवला. पुरणपोळी दोन. माझ्याशी बोलणं : "मीठ द्या." दिलं.
चावी टीव्हीवर आहे, अजून मागितली नाही. बॅग दारातच, चेन बंद. शकू दोनदा तिला ओलांडून गेली, हलवली नाही. मीही नाही. म्हटलं, इथं बसून लिहितो, वाटेत नको.

आत्ता बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. शकू स्वयंपाकघरात आहे, भांडी वाजतायत. मी इथं. म्हणजे तोच.
पाणी बादलीत पडतंय. एक भरली. थांबलं. दुसरी भरतेय.
निघायच्या आधी धुवून नेतोय, का नुसताच धुतोय, इथून कळत नाही. खिडकी माझ्या मागंच आहे, वळलं की दिसेल. वळत नाही. फडकी दोन आहेत, दुसरं माझ्या खांद्यावर आहे, ओलंच, सकाळपासून.
हाक मारली तर जाईन.